आधी पाणी मोजा, मग वाफे आखा

संक्रांत झाली की आपल्या जिल्ह्यात वावरात दोनच कामे डोळ्यांत भरतात. एक कापसाची शेवटची वेचणी आणि दुसरे गहू-हरभऱ्याचे पाणी. भाजीपाल्याचा विचार या दिवसांत सहसा कोणी करीत नाही, कारण बाजारात तो ढिगाने असतो. वांगी, टमाटर, पत्ताकोबी, सांभार, वालाच्या शेंगा. आर्वी असो की हिंगणघाट, विकणारा भाव पाडून देतो आणि घेणारा पिशवी भरून नेतो. हीच पिशवी एप्रिल संपता संपता अर्धी होते. मे महिन्यात गुजरीतली भेंडी सुकलेली आणि सांभाराची जुडी बोटाएवढी. मग घरोघरी आलू, बेसन आणि वड्या. ज्या घरी दहा एकर वावर आहे, त्या घरीही हीच गत.

एप्रिल-मे महिन्यांत घरची भाजी खायची असेल, तर तिची जागा माघातच तयार व्हायला पाहिजे. हे बऱ्याच जणांना पटते आणि दरवर्षी पुष्कळ नव्या परसबागा सुरूही होतात. बचत गटाच्या बैठकीत ठरते, अंगणवाडीत ठरते, एखादा हौशी कास्तकार विहिरीजवळची दोन-तीन गुंठे जागा काढतो. फेब्रुवारीत सारे हिरवेगार दिसते. मात्र रामनवमीच्या सुमारास पाने दुपारी माना टाकू लागतात आणि अक्षय तृतीयेला वाफ्यात नुसती काडी उभी असते. मग म्हणतात, ‘आपल्या उन्हात भाजी होतच नाही.’

भाजी होते. चूक उन्हाची नसते, आखणीची असते. जागा किती मोकळी आहे हे पाहून वाफे आखले जातात. खरे तर ते मे महिन्यात पाणी किती राहील, हे पाहून आखायला हवेत.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. भर उन्हाळ्यात आपल्याकडे वाढलेल्या भाजीला दिवसाकाठी साधारण सहा ते आठ मिलिमीटर पाणी लागते, म्हणजे चौरस मीटरला सहा ते आठ लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. त्याला रोज ६०० ते ८०० लिटर पाणी हवे. पंधरा लिटरची बादली धरली तर चाळीस ते त्रेपन्न बादल्या झाल्या, आणि त्या रोज. आता त्या कोण वाहणार ते बोला. बहुतेक घरी बाईच वाहते, आणि कंबर भरून आली की पहिल्यांदा बागेचे पाणी सुटते.

आता दुसरी बाजू पाहा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. त्यातले पिण्याचे, स्वयंपाकाचे, जनावरांचे आणि वाया जाणारे वजा केले तर न्हाणीतून आणि भांडी घासण्याच्या जागेतून दीडशे ते दोनशे लिटर बाहेर पडते. एवढ्या पाण्यावर वीस ते पंचवीस चौरस मीटर भाजी मे अखेरपर्यंत जगते. म्हणजे बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब एवढीच जागा. नळ दिवसाआड येत असेल तर तीही अर्धी करावी. ऐकायला हे फार थोडे वाटते. पण जूनपर्यंत जगलेले बारा बाय वीस फूट हे मार्चमध्ये वाळलेल्या तीन गुंठ्यांपेक्षा कधीही जास्त भाजी देतात.

विहीर आणि मोटर असलेल्यांनीही हाच हिशेब करावा. आज मोटर किती तास चालते हे पाहू नये. मागच्या मे महिन्यात ती किती मिनिटे चालून पाणी सोडत होती, ते आठवावे आणि त्या मिनिटांवर वाफे मोजावेत.

पवनारचा रहाट

हा धडा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. धाम नदीच्या काठी पवनारला विनोबाजी १९३८ साली राहायला आले. पुढे १९५० मध्ये तिथे त्यांनी काही तरुण सोबत्यांना घेऊन कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाने विकत घ्यायचे बंद करून आपल्या अंगमेहनतीवर जगायचे, असा त्याचा अर्थ. या प्रयोगाची सुरुवात भाजीपाल्यापासून झाली. बैल नाही, नांगर नाही, हाती कुदळ आणि फावडे. या पद्धतीला त्यांनी ऋषी-खेती म्हटले आणि बैलांच्या शेतीला ऋषभ-खेती. पाणी विहिरीवरच्या रहाटाने काढायचे, पण रहाटाला बैलांऐवजी माणसे. आडव्या दांड्यांना छाती लावून, गीताईचे श्लोक म्हणत आश्रमवासी रहाट फिरवीत. १९५१ च्या मार्चमध्ये विनोबाजी पवनारहून पायी शिवरामपल्लीच्या संमेलनाला निघाले. १८ एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीला भूदान सुरू झाले आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे लागले. भाजीच्या वाफ्यांची गोष्ट मागे पडली. त्याच जागी १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर उभे राहिले आणि तिथल्या भगिनींनी अंगमेहनतीची शेती चालवली.

आज कोणी रहाटाला खांदा लावावा असे सुचवायचे नाही. पण ज्याला पाण्याची प्रत्येक फेरी आपल्या अंगाने फिरवावी लागते, तो गरजेपेक्षा मोठा वाफा आखीत नाही, वाफ्याचा दांड फुटू देत नाही आणि दुपारी बारा वाजता पाणी देत नाही. बटण दाबणाऱ्याला हे कळायला वेळ लागतो. आपण निदान पहिला आठवडा बादलीने पाणी घालावे. कुठल्या वाफ्याला किती बादल्या लागल्या ते कळले की पुढे नळी लावायला हरकत नाही.

काळ्या मातीचा हट्ट

आपली बरीचशी जमीन काळी. आर्वी, आष्टी, कारंजा भागांत टेकड्यांच्या अंगाला बरडही आहे. बरड जमिनीला पाणी लवकर लागते, पण ती वाटेल तेव्हा खोदता येते. काळ्या मातीचे तसे नाही. ओली असताना कुदळ घातली तर लोण्यासारखे गोळे निघतात आणि वाळल्यावर त्यांचे दगड होतात. कोरडी असताना घातली तर कुदळ उडते. म्हणून नव्या जागेवर आधी हलके पाणी सोडावे आणि वाफसा येण्याची वाट पाहावी. मातीचा मुटका करून कमरेएवढ्या उंचीवरून टाकला आणि तो फुटून विखुरला, की वाफसा आला. त्या दोन-तीन दिवसांतच वीतभर खोल खोदून ढेकळे फोडून घ्यावीत. हराळी आणि लव्हाळ्याच्या मुळ्या-गाठी हाताने वेचून उन्हात टाकाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे. पण ते टाळले तर पुढचे चार महिने खुरपे हातातून सुटत नाही.

खत पुरते कुजलेलेच हवे. चौरस मीटरला चार ते पाच किलो, म्हणजे बारा बाय वीसच्या जागेला सुमारे एक क्विंटल. उकिरड्याच्या वरचे कच्चे शेण घातले की हुमणी आणि उधई घरी बोलावल्यासारखे होते. उकिरडा एका बाजूने खोदून तळचे काळे, वास नसलेले खत काढावे. दरवर्षी खत लागणार असेल तर नाडेपचे टाके बांधून घ्यावे. ही पद्धत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातले, पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच तिला नाडेप म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीच्या विटांत हवेसाठी झरोके. काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर घालून लिंपले की तीन ते चार महिन्यांत खत होते. अर्थात आज भरलेले टाके मृगालाच कामी येईल. या खेपेला उकिरड्यावरच भागवावे लागेल.

वाफ्याच्या आकाराबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. परसबागेच्या चित्रांत आणि फलकांवर वाफे जमिनीपेक्षा उंच, कडेला विटा लावलेले असतात. ते गादीवाफे पावसाळ्यात चांगले, कारण तेव्हा पाणी बाहेर काढायचे असते. उन्हाळ्यात पाणी धरून ठेवायचे असते. म्हणून माघात आखलेला वाफा जमिनीपेक्षा चार-सहा बोटे खोल असावा आणि कडेने वरंबा. रुंदी चार फुटांच्या वर नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय पडत नाही. काळ्या मातीवर एकदा पाय पडला की ती घट्ट होऊन बसते.

काय लावावे, काय लावू नये

संक्रांतीनंतर थंडी ओसरते, तरी रात्री गार असतात. भेंडीचे बी गार मातीत रुसून बसते. ते रात्रभर भिजवून जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात लावावे. दोन ओळींत एक फूट, दोन झाडांत वीतभर. दीड महिन्यात पहिला तोडा निघतो. परभणी क्रांती आणि अर्का अनामिका हे सुधारित वाण घरच्यासाठी पुरेसे आहेत आणि त्यांचे बी पुढच्या वर्षी धरता येते. संकरित पाकिटाचे तसे नाही. गवारीत पुसा नवबहार. बियाण्याची चौकशी सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी. जाताना नव्या जागेची मातीही तपासायला घेऊन जावी.

दोडके, कारले, काकडी, ढेमसे यांना उशीर चालत नाही. दिवस मोठे आणि गरम होत गेले की या वेलींवर नुसती नर फुले येतात आणि फळ धरत नाही. वेळ वाचवायचा असेल तर जानेवारीतच पळसाच्या पानांच्या द्रोणात किंवा दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत बी लावून ठेवावे. दोन-तीन पाने फुटली की मुळाची माती न सांडता आळ्यात बसवावे. वेलाच्या आळ्यात एक कच्चे, बिनरंगाचे मडके गळ्यापर्यंत पुरून वर झाकण ठेवले तर आणखी बरे. मडक्यात पाणी भरायचे, ते पाझरत राहते आणि मूळ आपणच तिकडे वळते. वाफ उडून जात नाही, गवतही होत नाही.

टमाटर मात्र या हंगामात नवे लावू नये. दिवसाचे तापमान पस्तीस अंशांच्या वर गेले की त्याची फुले गळतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. त्या झाडाला घातलेले पाणी वाया. वांग्याची जुनी झाडे असतील तर ती उपटू नयेत. छाटून, माती हलवून, खत देऊन पुन्हा फुटू द्यावीत. पालेभाजीत चवळाई आणि अंबाडी उन्हाला टिकतात. चवळाई महिन्याच्या आत ताटात येते. सांभार आणि मेथीला सावली पाहिजे. घोळ तर कोणी न लावताच ओल्या वाफ्यात उगवते. तिला तण समजून फेकू नये. तिच्यासारखी उन्हाळ्यातली भाजी नाही.

चौकोनी वाफ्यात सगळेच थोडे थोडे लावण्याचा मोह होतो. बारा बाय वीस फुटांत चार-पाच भाज्या पुष्कळ झाल्या. पाच माणसांचे रोजचे सगळे कालवण यातून निघणार नाही, हेही आधीच समजून घ्यावे. पण आठवड्यातले तीन-चार दिवस गुजरीला जावे लागणार नाही.

सावली आणि आच्छादन यांवर अर्धे यश आहे. सोयाबीनचे कुटार आणि गव्हांडा आपल्याकडे मुबलक. पुष्कळ ठिकाणी तो धुऱ्यावर पेटवून देतात. रोप वीतभर झाले की त्याच्या बुडाशी दोन-तीन इंच जाड थर द्यावा. पाणी वाचते, माती भेगाळत नाही. उधईचा त्रास असेल तिथे कुटार खोडाला चिकटू देऊ नये. पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांची ताटी उभी करावी, कारण खरा मारा दुपारनंतरच्या उन्हाचा आणि झळांचा असतो. ताटीवर दोडक्याचा वेल चढवला की तीच हिरवी होते.

ताटीला आणि मांडवाला तुराट्याच घ्याव्यात, पऱ्हाट्या नकोत. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केले ते कास्तकार विसरलेले नाहीत. न फुटलेल्या बोंडांसह पऱ्हाट्या रचून ठेवणे म्हणजे अळीला उन्हाळाभर घर देणे. त्यात भेंडी आणि अंबाडी या कपाशीच्याच कुळातल्या. तुडतुडे, पांढरी माशी, ठिपक्यांची बोंडअळी यांना दोन्ही सारख्याच आवडतात. भेंडीच्या पानांवर पिवळ्या शिरांचे जाळे दिसले की ते झाड दयामाया न करता उपटून पुरावे. पांढरी माशीच तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते.

फवारणीबद्दल कडक राहावे. कपाशीचे औषध भाजीवर मारू नये, आणि तणनाशक मारलेला पंप परसबागेत आणूच नये. धुतला तरी त्यात अंश राहतो आणि कोवळे वेल वाकडे होतात. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले होते. आपण तर ही भाजी सकाळी तोडून दुपारी लेकरांना वाढणार आहोत. निंबोळीचा पाच टक्के अर्क पुरतो. अर्धा किलो निंबोळीची गिरी कुटून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवावी, सकाळी फडक्याने गाळून एकूण दहा लिटर करावे आणि संध्याकाळी फवारावे.

सांडपाण्याचेही पथ्य आहे. न्हाणीचे पाणी थेट वाफ्यात सोडू नये. गिट्टी आणि रेती भरलेल्या लहान खड्ड्यातून गाळून घ्यावे. ते भेंडी, गवार, वेल, पपई, केळी यांना चालते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या काकडीला, सांभाराला चालत नाही. त्यांना विहिरीचे किंवा नळाचे पाणी द्यावे. आठवड्यातून एकदा सगळ्याच वाफ्यांना साधे पाणी द्यावे, म्हणजे साबणाचा क्षार मुळाशी साठत नाही.

शाळा आणि अंगणवाडीच्या बागा

ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठी दोन गोष्टी. सार्वजनिक नळ आणि हातपंपाभोवतीचे डबके गावोगाव दिसते. शोषखड्डा हवाच, पण त्याआधी ते पाणी पाच-दहा फुटांच्या वाफ्यातून फिरवले तर डास कमी आणि भाजी जास्त. ती कोणी लावायची आणि कोणी तोडायची हे मात्र आधी ठरवावे, नाहीतर वाफ्यावरून भांडण ठरलेले. जवळच्या एखाद्या बचत गटाकडे तो लेखी सोपवलेला बरा.

दुसरी गोष्ट शाळांची. शाळेची बाग ही वर्धेला कोणी शिकवायला नको. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये नई तालीमचा विचार वर्धेच्या शिक्षण परिषदेत मांडला गेला आणि सेवाग्रामला मुले हातांनी माती करीत शिकली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही शेतीकाम हा शिक्षणाचाच भाग आहे. पण बहुतेक शाळांच्या परसबागा पावसाळ्यात उद्घाटन होऊन उन्हाळ्यात मरतात. कारण उघड आहे. मे महिन्यात सुट्टी लागते आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दोन महिने पाणी कोण घालणार? त्यामुळे शाळेने फेब्रुवारीत चवळाई, गवार, भेंडी, ढेमसे एवढेच लावावे, ज्याचे बरेचसे तोडे एप्रिलअखेर पोषण आहारात येतील. वेलींचे आळे, शेवगा आणि पपई यांची जबाबदारी शेजारच्या एखाद्या घराला द्यावी आणि सुट्टीतले उत्पन्न त्या घराचे, असे शाळा व्यवस्थापन समितीने ठरावात लिहून टाकावे. फुकट राखण कोणी करीत नाही, आणि करावी अशी अपेक्षाही नको.

अंगणवाडीचे बरे आहे, ती उन्हाळ्यातही चालते. पण तिथे बहुधा पाणीच नसते. सेविकेने घागरीने आणायचे आणि बाग दाखवायची, हे धोरण चुकीचे आहे. जिथे नळजोडणी नाही तिथे बाग मागूच नये. आधी नळ मागावा.

राखण हा सगळ्यांचाच प्रश्न. मोकाट शेळ्या-कोंबड्यांना बोरी-बाभळीच्या काट्या पुरतात. सेलू तालुक्यात बोरच्या जंगलाकडेला मात्र रानडुकरे आणि रोही रात्री येतात. तिथे बाग वावरात न करता घराच्या भिंतीला लागूनच करावी. वानरांवर खात्रीचा उपाय नाही. कारल्याला ती कमी हात लावतात एवढेच.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, कपाशीच्या पेरणीआधी, भेंडीची सगळी झाडे मुळासकट काढावीत. बियाण्यासाठी दोन-चार निरोगी झाडे आधीच पक्व होऊ देऊन शेंगा वाळवून ठेवलेल्या असाव्यात. कुटाराचे आच्छादन आता अर्धे कुजलेले असते, ते मातीतच मिसळावे. रोहिणीचा पहिला शिडकावा झाला की वाफ्याचे वरंबे मोडून माती मध्ये ओढावी आणि खोल वाफ्याचा उंच गादीवाफा करावा. मृगात त्यावर वांगी-मिरचीची रोपे टाकता येतात.